तुपाची वाटी आणि काळी जीभ

संत नामदेव जेवायला बसले होते. तेवढ्यात कुत्र्याने त्यांच्या पानातली भाकरी उचलली आणि धूम ठोकली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी खाऊ नकोस, थांब, तूप लावून देतो, अशी विनवणी करत. ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणीच कानावर पडते. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात आणि कित्येक घरांत कुत्र्याचा घास आजही बाजूला काढून ठेवला जातो. कुत्र्याला प्रेमाने खाऊ घालणं ही या मातीतली जुनी रीत आहे. पण तूप लावलेली का होईना, भाकरी त्याला पुरते का? या प्रश्नाचं उत्तर एका प्रयोगशाळेने शोधलं, आणि तेही आपल्या शेजारीच, हैदराबादला.

१९६५ साली 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात बेलवाडी आणि डॉ. सी. गोपालन यांचं एक छोटं टिपण छापून आलं. दोघंही हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले. हीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांना पेलाग्रा नावाचा रोग होतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. हातापायांच्या आणि मानेच्या उघड्या कातडीवर काळपट चट्टे उठायचे, जुलाब लागायचे आणि रोग बळावला की मनाचा तोल ढळायचा. या संशोधकांनी कुत्र्यांना ज्वारीवर आधारलेला आहार दिला. त्या कुत्र्यांना 'ब्लॅक टंग' झाला. ब्लॅक टंग म्हणजे काळी जीभ, कुत्र्यांचा पेलाग्राच. तोंडात व्रण होतात, लाळ चिकट आणि दुर्गंधी होते, जीभ निळसर-काळी पडत जाते, जनावर खाणं सोडतं, रक्ताचे जुलाब होतात आणि उपचार झाले नाहीत तर ते दगावतं.

या रोगाशी कुत्र्याचं नातं त्याआधीपासूनचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्रा पसरला होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गाचा नसून आहाराचा रोग आहे हे दाखवून दिलं आणि पुढच्या शोधासाठी काळी जीभ झालेली कुत्री वापरली. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेयेम यांनी निकोटिनिक आम्ल म्हणजेच नायसिन अशा कुत्र्यांना दिलं आणि ती बरी झाली. आज डॉक्टर ज्याला 'बी-३' म्हणतात ते हेच जीवनसत्त्व. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिनचं गणित बिघडतं, असं गोपालन यांच्या गटाने मांडलं. त्यावर पुढे वाद झाले. पण ज्वारी एकटी पडली की जनावर आजारी पडतं, हे त्या कुत्र्यांच्या जिभांवर स्पष्ट दिसलं होतं.

भाकरी वाईट, असा याचा अर्थ नाही. तिच्या जोडीला अंडं, मासळी किंवा मटणाचा तुकडा असला की कुत्र्याचं शरीर नायसिन मिळवतं, काही प्रमाणात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःही बनवतं. घात होतो तो रोज भाकरी आणि भाकरीच मिळाली की.

तसाच धडा मुडदुसाचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून ओटच्या लापशीसारख्या अन्नावर वाढवली. त्यांचे पाय वाकले, सांधे सुजले. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलेल्या पिल्लांची हाडं मात्र सरळ राहिली. या प्रयोगांच्या वाटेनेच पुढे ड जीवनसत्त्व सापडलं. मुलांना कोवळ्या उन्हात न्या, हा सल्ला आपण ऐकत आलो आहोत आणि माणसाच्या बाबतीत तो खराही आहे. कुत्र्याच्या कातडीला मात्र सूर्यप्रकाशापासून पुरेसं ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. हॉलंडमधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये ते दाखवलं. म्हणजे पिल्लाला गच्चीत कितीही वेळ उन्हात बसवलं तरी त्याला ड जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळायला हवं. अंड्याचा बलक, बांगडा-तारलीसारखी तेलकट मासळी, यकृत किंवा नीट बनवलेलं तयार खाद्य, एवढेच त्याचे मार्ग.

माणसाच्या पोषणशास्त्राची कितीतरी पानं कुत्र्यांनी आपल्या शरीराने लिहून दिली आहेत. ते सोसणं त्यांनी निवडलेलं नव्हतं. त्यातून मिळालेलं ज्ञान निदान त्यांच्याच वाटीपर्यंत पोहोचवणं हे आपल्याकडून त्यांचं देणं आहे.

कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला फक्त मांस हवं, असं हल्ली ठासून सांगणारे बरेच भेटतात. हे अर्धंच खरं आहे. स्वीडनच्या उप्सला विद्यापीठातले एरिक ॲक्सेलसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी लांडगे आणि निरनिराळ्या जातींची कुत्री यांचे जनुक ताडून पाहिले. पिष्ट पचवणारा अमायलेज हा पाचक रस ज्या जनुकामुळे बनतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती होत्या. कुत्र्यांमध्ये त्या ४ ते ३० होत्या. माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उंबऱ्याशी राहणाऱ्या जनावराचं पोट त्या अन्नाला सरावत गेलं. शिजवलेला भात कुत्र्याला छान पचतो तो यामुळे. भात त्याच्यासाठी परका नाही. पण पचतो म्हणजे पुरतो असंही नाही.

साधा हिशेब करून पाहू. चार वाट्या तांदूळ आणि एक वाटी तूरडाळ शिजवली, तर त्या डाळभातात कोरड्या वजनाच्या जेमतेम ११ टक्के प्रथिनं येतात. कुत्र्यांच्या खाद्यासाठी अमेरिकेत जे निकष पाळले जातात, त्यांनुसार वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला कोरड्या वजनाच्या किमान १८ टक्के, तर वाढत्या पिल्लाला आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला किमान २२.५ टक्के प्रथिनं हवीत. घरच्या डाळभातावर वाढलेल्या गावठी कुत्र्याचं बरं चाललेलं दिसतं, कारण तो दिवसभर इकडेतिकडे फिरून अंडं, उंदीर, खरकटं मटण असं काहीबाही मिळवत असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही. त्याच्या वाटीत जे पडेल तेच त्याचं जग.

आता चिकनच्या दुकानात जाऊ. सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही शहरातल्या दुकानापुढे दोनतीन गिऱ्हाईकं अशी असतातच, जी "कुत्र्यासाठी द्या" म्हणतात. दुकानदार मुंड्या, पाय, माना, थोडी कलेजी, पाठीचा सांगाडा असं सगळं पिशवीत भरून देतो. घरी ते कुकरमध्ये तांदळासोबत जातं, चिमूटभर हळद पडते, पाचसहा शिट्ट्या होतात. झाकण उघडल्यावर वासाने कुत्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो. हे जेवण चविष्ट आहे, प्रथिनांनाही बरं आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. शिजलेलं कोंबडीचं हाड ठिसूळ होतं आणि टोकदार कांडक्यांत फुटतं. ती कांडकी घशात, आतड्यात रुतते. म्हणून ताटलीत वाढण्याआधी मांस बोटांनी चाचपून हाडं वेगळी करायला हवीत, अगदी लहान मुलाच्या घासातला मासळीचा काटा काढावा तशी. आणि हाडं काढली की दुसरी अडचण उभी राहते, ती म्हणजे कॅल्शियम.

निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. हाडाविना कोंबडीच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरावीसपट भरतो. कुत्र्याच्या आहारात या दोहोंचं प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक असावं लागतं, कॅल्शियमच्या बाजूने. ते बिघडलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते ओढून काढतं. लाडाने रोज नुसतं चिकन आणि कलेजी खाऊन वाढलेलं पिल्लू चारपाच महिन्यांचं होता होता लंगडू लागतं आणि साध्या उडीने त्याचं हाड मोडतं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे अशी पिल्लं येतात आणि त्यांचे मालक बहुतेक वेळा हौसेने, पैसे खर्चून, उत्तम मांस घालणारे असतात. कलेजीचा अतिरेक तर दुहेरी बाधतो, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व साठत जातं.

मग घाबरून कॅल्शियमचं औषध ओतायचं का? मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत मुळीच नाही. उट्रेक्टमध्येच १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासात जास्तीचं कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं वेडीवाकडी वाढली. लहान वयात पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही. येईल तेवढं शोषलं जातं. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना वरून कॅल्शियमचं सिरप देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. 'लार्ज ब्रीड पपी' असं लिहिलेलं खाद्य ही पिल्लं खात असतील तर हे सिरप टाळलेलंच बरं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं नसेल तोवर.

घरी शिजवणं चुकीचं नाही, पण ते अंदाजपंचे जमत नाही. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती गोळा करून त्यांचा घटकवार हिशेब मांडला. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. सगळ्या निकषांत बसणाऱ्या होत्या केवळ नऊ. कित्येक पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. घटक दर आठवड्याला बदलले की सगळं भरून निघतं, या समजालाही त्या अभ्यासाने आधार दिला नाही. बऱ्याच पाककृतींत उणिवा त्याच त्याच होत्या. म्हणून ज्यांना घरचंच जेवण द्यायचं आहे त्यांनी पशुआहाराची जाण असलेल्या डॉक्टरांकडून आपल्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे ग्रॅममध्ये पाककृती लिहून घ्यावी, त्यातलं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण गाळू नये आणि तूप थोडं जास्त, भात थोडा कमी असे फेरफार मनाने करू नयेत.

शाकाहारी घरांचा प्रश्न इथेच येतो. मांजर मांसाशिवाय जगू शकत नाही. तिला टॉरिन आणि अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात लागतं. कुत्रा टॉरिन इतर अमिनो आम्लांपासून आणि अ जीवनसत्त्व गाजरा-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून बनवतो. त्यामुळे नीट आखलेल्या शाकाहारी खाद्यावर तो राहू शकतो. दूधपोळी आणि वरणभात म्हणजे मात्र नीट आखलेला आहार नव्हे. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचतही नाही, जुलाब होतात. त्यांना थोडं दही किंवा ताक सोसतं. अंडं चालणारं घर असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

पाकिटातल्या खाद्याची सुरुवात एका जहाजी बिस्किटापासून झाली म्हणतात. जेम्स स्प्रॅट हे अमेरिकन गृहस्थ विजेपासून इमारतींचं रक्षण करणाऱ्या सळ्या विकायला इंग्लंडला आले होते. १८६० च्या सुमारास बंदरावर खलाशांनी फेकलेली कडक बिस्किटं कुत्री मिटक्या मारत खाताना त्यांनी पाहिली आणि गहू, भाज्या, बीट व मांसाचा अंश घालून कुत्र्यांसाठी बिस्किट काढलं. त्यांच्याच कंपनीत नोकरी करून वर आलेल्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये स्वतःच्या नावाने श्वानप्रदर्शन भरवलं. ते आजही भरतं. आपल्याकडे हे खाद्य इतकं रुळलं आहे की कोणत्याही कंपनीचं असलं तरी 'पेडिग्री घालतो' असंच लोक म्हणतात.

पाकीट निवडताना पुढची बाजू बघून काही कळत नाही. पाकीट उलटं करा. सगळ्यात आधी 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द शोधा. ते असतील तर तेवढ्यावर कुत्र्याचं भागतं असा उत्पादकाचा दावा आहे. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. मग वय पाहा, पिल्लासाठीचं की मोठ्यासाठीचं. त्यानंतर घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने आणि पाण्यासकट असते. ताज्या चिकनमध्ये सत्तरएक टक्के पाणी असल्याने ते यादीत पहिलं दिसतं, पण पाणी उडाल्यावर ते बरंच खाली घसरतं. याउलट 'चिकन मील' म्हणजे वाळवून दळलेलं मांस, त्यात पाणी फारच थोडं. आणि तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावं वेगवेगळी दिसली तर मनात त्यांची बेरीज करावी.

आकड्यांची तुलना करताना बहुतेक जण एके ठिकाणी चुकतात. समजा, डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिनं ८ टक्के लिहिली आहेत आणि कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर २४ टक्के. कोरडं तिप्पट चांगलं वाटतं. पण डब्यात ७८ टक्के पाणी आहे. उरलेल्या २२ भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३६ टक्के. कोरड्या खाद्यात १० टक्के पाणी धरलं तर ९० भागांत २४, म्हणजे साधारण २७ टक्के. डबा वरचढ ठरला. त्याची किंमत पोटभर जेवणाच्या हिशेबाने कितीतरी जास्त पडते हा भाग निराळा.

प्रथिनांच्या या आकड्यालाही एक फट आहे, आणि २००७ मध्ये त्या फटीतून मृत्यू आत शिरला. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मेलामाइन या प्लास्टिक उद्योगातल्या रसायनाचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळलेलं होतं. कागदावर प्रथिनं भरपूर दिसली आणि उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांत खडे होऊन ती मरू लागली. मार्चपासून शंभराहून जास्त नावांखालचं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. म्हणून कंपनी निवडताना विचारायचे प्रश्न साधे आहेत. खाद्य स्वतःच्या कारखान्यात बनतं का, कच्चा माल तपासला जातो का, आहार आखणारा पशुपोषणतज्ज्ञ कोण, आणि विचारलं तर उत्तर देतात का.

'ग्रेन फ्री' हा शब्दही असाच मोहात पाडतो. धान्य काढून त्या जागी वाटाणे, मसूर, हरभरा घातलेल्या खाद्यांवर वाढलेल्या काही कुत्र्यांमध्ये हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार दिसतो आहे, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये दिली. नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. पण कुत्र्याला तांदूळ-गव्हाची ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना धान्याविना खाद्यासाठी जास्त पैसे मोजायला कोणतंही सबळ कारण नाही. बहुतेक ॲलर्जी धान्याची नसतेच. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन हेच त्यातले नेहमीचे अपराधी.

एक सूचना खास आपल्या पावसाळ्यासाठी. उघड्या गोणीतून किलोवर मिळणारं सुटं खाद्य स्वस्त पडतं, पण दमट हवेत त्यातली चरबी खवट होते आणि मक्याला बुरशी धरते. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करतं. अमेरिकेत २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ च्या हिवाळ्यात ते खाद्यात उतरून अनेक कुत्री दगावली. महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट आणावं, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. पिशवीवर तारीख आणि बॅच क्रमांक असतो. तो फेकून देऊ नये.

काय घालायचं यापेक्षा किती घालायचं, इथे जास्त घरं चुकतात. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी पुरतात. ३० किलोच्या लॅबला सुमारे १,४५०. वजन तिप्पट म्हणून जेवण तिप्पट होत नाही. आता सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं मोजा. १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत सुमारे ४५० किलोकॅलरी असतात. १० किलोच्या कुत्र्याने दिवसभरात सगळ्यांच्या हातून मिळून ५० ग्रॅमचा पुडा संपवला की दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा मैदा, साखर आणि तेलात गेला. आजोबा एक देतात, आजी एक, शाळेतून आल्यावर नात दोन. कोणालाच आपण जास्त दिलं असं वाटत नाही. जेवणाबाहेरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात बसवायचा, हा पशुवैद्यांचा नियम पाळायला सोपा आहे. काकडीच्या चकत्या, उकडलेलं गाजर, सफरचंदाच्या बियाविरहित फोडी कुत्री आनंदाने खातात.

लॅब्रॅडोर सतत भुकेला असतो, हा मालकांचा अनुभव खोटा नाही. केंब्रिज विद्यापीठात एलिनॉर रॅफन यांच्या गटाला २०१६ मध्ये आढळलं की जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. अशा कुत्र्याचे डोळे तुमच्या ताटाला लागलेले असतात ते खोडीने नव्हे. त्याला खरंच भूक लागलेली असते, आणि तरीही त्याचं भलं त्याला मोजून घालण्यातच आहे. त्याला रागावू नये, त्याची वाटी लहान करावी आणि जेवण दोनाऐवजी तीन वेळा विभागून द्यावं.

मोजून घालण्याचं मोल किती, याचा आकडा उपलब्ध आहे. प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला मिळेल त्यापेक्षा दुसऱ्याला पाव हिस्सा कमी अन्न, आणि हे आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीचा त्रासही सडपातळ कुत्र्यांना बराच उशिरा सुरू झाला. जास्त खाणारी कुत्री काही अवाढव्य नव्हती. आपल्या सोसायटीत फिरणाऱ्या चांगल्या भरलेल्या लॅबसारखीच होती.

काही पदार्थांच्या बाबतीत मोजण्याचा प्रश्नच नाही, ते द्यायचेच नाहीत. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. पाच किलोच्या पॉमला ५० ग्रॅम मिल्क चॉकलेटने उलट्या आणि बेचैनी सुरू होऊ शकते. डार्क असेल तर निम्म्याहून कमी पुरतं, कोको पावडर असेल तर एकदोन चमचे. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने त्यांचा दोष जात नाही. त्यामुळे रस्सा, खिमा, चिकन बिर्याणीतला भात हे सगळं बाद. शुगर फ्री च्युइंग गममधलं झायलिटॉल अर्ध्या तासात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं. सणावाराला उरलेलं तळण आणि मटणाची चरबी स्वादुपिंडाला सूज आणते.

द्राक्षं आणि बेदाण्यांची गोष्ट मराठी घरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं, पण त्यांतलं विष कोणतं ते सापडत नव्हतं. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रात काम करणाऱ्या पशुवैद्यांकडे 'क्रीम ऑफ टार्टर' घातलेला खेळण्याचा घरगुती गोळा खाल्लेल्या कुत्र्याची नोंद आली. लक्षणं हुबेहूब द्राक्षांसारखी. त्यावरून त्यांचा संशय या दोहोंत असणाऱ्या टार्टरिक आम्लावर गेला. मग हेच आम्ल असलेली चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तर त्यांचीही मूत्रपिंडं तशीच बिघडलेली. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नाशिकची द्राक्षं, तासगावचे बेदाणे आणि आमटीतली चिंच, तिन्ही आपल्या स्वयंपाकघरात कायम हाताशी. शिऱ्यातले बेदाणे, चिंच-गुळाची आमटी ओतलेला भात, पाणीपुरीची चटणी कुत्र्याच्या वाटीत जाऊ देऊ नये. आणि चुकून गेलीच, तर लक्षणं दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. पहिल्या एकदोन तासांत ते औषधाने उलटी करवून बरंच काही वाचवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये. ते मीठच जिवावर बेततं.

खाद्य बदलायचं ठरवलंत तर सात ते दहा दिवस घ्या. आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. पाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं ठेवा. आणि आज संध्याकाळी एक छोटी तपासणी करा. तळहात पालथा धरून त्यावरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, बोटांमागची हाडं जशी पातळ कातडीखाली लागतात ती जाणीव लक्षात ठेवा. मग कुत्र्याच्या बरगड्यांवर अलगद हात ठेवा. तशीच जाणीव झाली तर त्याचं वजन ठीक आहे. दाबून शोधावं लागलं, तर उद्यापासून वाटी थोडी कमी भरा.